जड कच्चं तेल जमिनीखालीच हलकं करून काढता येतं का?

येतं, पण म्हणावं तितकं सोपं नाही. तेलाचा हलकेपणा एपीआय अंशांत मोजतात: अंश जितके कमी, तितकं तेल जड. जड तेलाचे अंश साधारण २० च्या खाली असतात. १० च्या खाली गेलं तर ते पाण्यात बुडतं. असं तेल स्वतःहून विहिरीकडे वाहत नाही.

कॅनडातल्या अल्बर्टात सर्रास वापरतात ती वाफेची पद्धत. दोन आडव्या विहिरी, एक दुसरीच्या सुमारे ५ मीटर वर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, पातळ झालेलं तेल खालच्या विहिरीत झिरपतं. मात्र हे तेल फक्त तापलेलं असतं, सुधारलेलं नाही. थंड झालं की पुन्हा घट्ट.

खरी सुधारणा हवी तर थरातच आग लावावी लागते. हवा आत दाबली की तेलाचा सर्वांत जड भाग कोळशासारखा होऊन जळतो. त्या उष्णतेनं पुढच्या तेलाचे मोठे रेणू तुटतात आणि हलकं तेल पुढे सरकतं. म्हणजे नको असलेला भागच इंधन! रोमानियातल्या सुप्लाकू दे बार्काऊ इथे ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालू आहे. 'थाई' नावाच्या प्रकारात आडवी उत्पादन विहीर असते. 'काप्री' या त्याच्याच पुढच्या प्रकारात तिच्याभोवती उत्प्रेरकाचा, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचा, थर देतात.

अडचण एकच, पण मोठी: शेकडो मीटर खोल आगीला लगाम घालणं. हवा भलत्याच वाटेनं निसटते, विहिरीत वाळू येते, उत्प्रेरकावर कोळसा साचून तो निकामी होतो. म्हणून माझ्या मते अजून तरी वाफच भरवशाची.