नदीकाठी सतत मागचा भाग हलवणारा तपकिरी पक्षी कोणता? धोबी का?

तुमच्या वर्णनावरून हा धोबी नाही, तुतवार आहे. धोबी सडपातळ, लांब शेपटीचा. तुतवाराची शेपटी आखूड, चोच सरळ आणि लांबट, आणि तो नुसती शेपटी नाही तर कमरेपासूनचा सगळा मागचा भाग वर-खाली करत असतो.

आकार साधारण २० सेंमी. पाठ मातकट-हिरवट तपकिरी, पोट पांढरेशुभ्र. नक्की ओळखायचे असेल तर खांद्याकडे बघा: छातीच्या तपकिरी डागामागून पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर चढलेला दिसतो. ही पाचर एकदा डोळ्यांत बसली की दुरूनही चूक होत नाही. ठिपकेवाला तुतवार आणि हिरवा तुतवार या याच्यासारख्या दुसऱ्या जाती; त्या उडताना त्यांची कंबर पांढरी दिसते. याची दिसत नाही, पंखांवर मात्र पांढरा पट्टा चमकतो.

उडणेही वेगळेच. पंख ताठ, किंचित खाली वाकवून भराभर थरथरवायचे, मध्येच तसेच धरून तरंगायचे, आणि पाण्याला जवळजवळ चिकटून ‘ती-वी-वी’ करत पुढच्या दगडावर उतरायचे. खातो किडे, अळ्या, छोटे कवचधारी जीव.

बहुधा एकटाच दिसतो. नदी, तलाव, खाडी, खडकाळ किनारा, अगदी शहरातला नालाही त्याला चालतो. आपल्याकडे ऑगस्टपासून एप्रिल-मेपर्यंत मुक्काम. वीण काश्मीर-लडाख आणि त्यापलीकडे युरोप-आशियाच्या उत्तरेत. जमिनीवरच्या खळग्यात बहुतेकदा चार अंडी.

जवळ जाऊ नका, काठावर शांत बसा. थोड्या वेळाने तोच चरत चरत तुमच्याकडे येतो.