सेल्फ टेबलावर पळतो, गाडीत रुसतो

प्रश्न : नमस्कार काका, वडिलांची १९६५ची मार्क टू अ‍ॅम्बेसेडर आहे. गेल्या महिन्यात सेल्फ घूंऽऽ करून नुसताच फिरायचा, इंजिन हलायचंच नाही. म्हणून घरीच काढला, आतले कार्बन ब्रश नवे टाकले, बेंडिक्सला (शाफ्टवरच्या सरकत्या दातेरी भागाला) भरपूर ग्रीस लावलं, बाहेरून छान काळा रंग मारला. टेबलावर बॅटरी लावली तर भन्नाट पळतो. गाडीत बसवला तर दोन दिवस बरा, मग परत तेच, आणि आता कधीकधी नुसतं टक. गाडी आधी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा पॉझिटिव्ह पोल बॉडीला) होती, मेकॅनिकने निगेटिव्ह करून दिलीय, त्यामुळे सेल्फ उलटा तर फिरत नसेल ना? – एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटचं आधी उरकतो. उलटा फिरत नाही. ह्या सेल्फमध्ये मॅग्नेट नाहीत, त्यांच्या जागी तारेच्या फील्ड कॉइल आहेत आणि त्या आर्मेचरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, सिरीजमध्ये आहेत, त्यामुळे बॅटरीच्या वायरी बदलल्या की दोन्हींतला करंट एकदमच उलटतो आणि फिरण्याची दिशा होती तीच राहते. डायनामोचं तसं नाही, तो नव्याने पोलराइज करावा लागतो, म्हणजे नव्या अर्थप्रमाणे त्याचे ध्रुव बदलावे लागतात, ते केलंय का एवढं मेकॅनिकला विचारा.

आता ग्रीस. दादा, घोळ तिथेच आहे. तुमचा सेल्फ ल्युकास पद्धतीचा, सोलेनॉइड, म्हणजे त्याला करंट जोडणारा स्विच, त्याच्या पाठीवर नाही, वेगळा बसवलेला. शाफ्ट झटक्यात फिरतो, बेंडिक्सचं जड दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मागे रेंगाळतं, आणि त्या फरकामुळे आट्यांवरून सरकत जाऊन इंजिनच्या मोठ्या दातेरी कड्यात, रिंग गिअरमध्ये बसतं. त्याला सरकवायला दुसरं काहीच नाही, म्हणून आटे मोकळे पाहिजेत. ग्रीस लावलंत की क्लच प्लेटची धूळ त्यात बसते आणि दोन दिवसांत काळी कणीक होते, पिनियन जागेवरच बसून राहतं आणि सेल्फ एकटाच घूंऽऽ करतो. बेंडिक्स रॉकेलमध्ये ब्रशने धुवा, पुसा आणि कोरडाच ठेवा. हाताने फिरवला तर पिनियन टोकापर्यंत सहज जावं आणि सोडल्यावर स्प्रिंगने परत यावं.

उघडलाच आहे तर कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन जिथे घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, बघून घ्या. पेट्रोलच्या फडक्याने पुसून स्वच्छ तपकिरी दिसला तर हात लावू नका, जळाल्यासारखा काळा असेल तर बारीक काचपेपर फिरवा, एमरी नको. आणि एक, काही इलेक्ट्रिशियन डायनामोच्या सवयीने पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉच्या पात्याने खोल करतात, ह्या सेल्फला ते करायचं नसतं. कार्बन चार, आठ मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायचे, तुमचे नवे आहेत तर फक्त आपल्या खोबणीत अडकत नाहीत ना आणि तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला पूर्ण टेकतंय ना ते बघा. आर्मेचरवर एका बाजूने चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश गेलेत. नवे बुश एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून मगच ठोका.

टेबलावर पळतो ह्याचं फार कौतुक नको. मोकळा फिरताना तो जेमतेम ४५ अँपिअर खातो, इंजिन ओढताना काही शे खातो, त्यामुळे टेबलावर न दिसलेला खराब जोड गाडीत टक करून दाखवतो. आणि तुम्ही रंग मारलात! सेल्फला अर्थची वेगळी वायर नाही, त्याची बॉडी हीच अर्थ. सेल्फच्या बसायच्या कडेवरचा (फ्लँजवरचा) आणि क्लच हाउसिंगच्या तोंडावरचा रंग, गंज, तेल सगळं खरवडून धातू उघडा करा.

इंजिन रबरावर बसतं, म्हणून इंजिन आणि चासीमध्ये तांब्याची विणलेली अर्थ पट्टी असते, ती शोधा. माझ्या एका मित्राच्या गाडीला ओव्हरहॉलनंतर ती लावायचीच राहून गेली होती, सेल्फ मारला की चोकची केबल तापायची, एक दिवस डॅशखालून धूर आला तेव्हा कळलं की करंटने तोच रस्ता धरलाय. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब.

बसवायच्या आधी सेल्फच्या भोकातून रिंग गिअरवर टॉर्च मारून घरच्यांना इंजिनचं हँडल हळूहळू फिरवायला लावा, इग्निशन बंद ठेवून. चार सिलिंडरचं इंजिन थांबतं ते बहुतेक वेळा ठरावीक दोन जागी, तिथलेच दात खाल्लेले असतात. दात गेले असतील तर नवा बेंडिक्सही फार दिवस टिकणार नाही.

बसवताना बॅटरीची वायर काढलेली असू द्या. सेल्फ सरळ आत जाऊ द्या, दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा, एक पूर्ण आवळून दुसऱ्याने ओढून घेऊ नका. मेन वायरचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर स्टड फिरतो आणि आत फील्ड कॉइलचा जोड पिळून तुटतो, मग टेबलावर पळणारा सेल्फ तिथेही पळायचा नाही.

आणि कधी पिनियन अडकलंच तर हातोडा शोधू नका, सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली शाफ्टचं चौकोनी टोक आहे, पान्याने फिरवलं की सुटतं. पाना नसेल तर इग्निशन बंद करून टॉप गिअर टाका आणि गाडी मागेपुढे हलवा.