घोड्यावरचा पोलिश राजा आणि चौथऱ्यावरचं साल

प्रश्न (खानापूर): मुलगा पोलंडला व्रोत्सवाफ शहरात शिकायला गेलाय. परवा त्यानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, घोड्यावर एक राजा, हातात भाला. पहिल्यांदा मला आपले महाराजच वाटले! हा कोण, आणि एवढ्या जुन्या राजाचा पुतळा इतका नवा कसा?

उत्तर: नवाच आहे की तो काका, 2007 चा. घोड्यावर बसलाय तो बोलेस्वाफ ख्रोब्री, म्हणजे शूर बोलेस्वाफ, पोलंडचा पहिला राजा, 1025 मध्ये राज्याभिषेक झाला आणि त्याच वर्षी तो गेला. वडील म्येश्को, त्यांनी 966 मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला आणि पोलिश लोक आपल्या राज्याचा इतिहास तिथनंच धरतात. हातातला भाला सेंट मॉरिस ह्या सैनिक संताचा. सन 1000 मध्ये जर्मन सम्राट तिसरा ओटो पोलंडमधल्या ग्नेज्नो शहरात आला होता तेव्हा त्यानं बोलेस्वाफला ह्या पवित्र भाल्याची प्रतिकृती दिली, आणि त्याच भेटीत व्रोत्सवाफला बिशपची गादी मिळाली, म्हणजे ह्या शहराशी राजाचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही.

पण खरी गोष्ट पुढं आहे. 1945 पर्यंत हे शहर जर्मनीत होतं, नाव ब्रेस्लाउ, आणि आता बोलेस्वाफ आहे त्याच रस्त्यावर जवळपास त्याच जागी जर्मन कैसर पहिला विल्हेल्म घोड्यावर बसलेला होता. युद्ध संपलं, सीमा सरकली, जर्मन लोकांना जावं लागलं आणि पूर्वेकडनं पोलिश लोक आले, त्यातले कितीतरी ल्वूफचे (आजचं युक्रेनमधलं ल्विव), कारण त्यांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलेलं. ते येताना पुतळा पण आला बघा! फ्रेद्रो नावाच्या नाटककाराचा 1897 चा पुतळा ल्वूफमधनं आणून 1956 मध्ये व्रोत्सवाफच्या मुख्य चौकात बसवलाय, तो पण एका प्रशियन राजाच्या जागी (प्रशिया म्हणजे त्या काळचं मोठं जर्मन राज्य). 1956 हे साल आपल्या सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, घर तिथंच राहतं आणि राज्य बदलतं म्हणजे काय हे आपल्या घराघरात माहिती आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, पुतळा बघताना वरच्या माणसाच्या आधी खाली चौथऱ्यावर साल बघा. राजा हजार वर्षांपूर्वीचा असतो, पुतळा मात्र उभा करणाऱ्यांच्या काळाचा असतो.

प्रश्न (निपाणी): दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या गोष्टी आजोबा सांगायचे, म्हणून त्या देशाची ओढ आहे. ह्या जुन्या राजांचे चेहरे कुठनं मिळाले? ते खरे आहेत का?

उत्तर: खरे नाहीत. म्येश्कोला समोर बसवून काढलेलं एकसुद्धा चित्र नाही, बोलेस्वाफच्या चांदीच्या नाण्यावर डोकं आहे पण ते ठोकळेबाज, त्यावरनं चेहरा ओळखता येणार नाही. महाराजांची निदान त्या काळच्या आसपासची डच चित्रं तरी आहेत. आज पोलंडच्या 10 झ्लोटीच्या नोटेवर म्येश्को आणि 20 च्या नोटेवर बोलेस्वाफ दिसतो, ते चेहरे सगळे नंतरच्या कलाकारांनी मनानं घडवलेले.

पोझनानच्या कॅथेड्रलमध्ये बापलेक शेजारी शेजारी उभे आहेत, एकाकडं क्रूस, दुसऱ्याकडं तलवार. 1841 च्या सुमाराचं हे काम. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, पोझनान प्रशियाच्या ताब्यात, आणि मूर्ती घडवल्या बर्लिनच्या राउखनं, ज्यानं प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटचा घोड्यावरचा पुतळा केला तोच हा! राज्य नसलेल्या लोकांनी आपले पहिले राजे घडवून घेतले ते राज्यकर्त्यांच्याच शिल्पकाराकडनं, मला हे फार हलवून टाकतं. पैसे एडवर्ड राचिन्स्की नावाच्या उमरावानं दिले. कॅथेड्रलमधल्या त्या सगळ्या कामासाठी लोकवर्गणी पण होती, मग मूर्तीवर ह्याचं एकट्याचं नाव कसं म्हणून आरोप झाले. त्यानं नाव काढून टाकलं, पण मन सावरलं नाही, 1845 मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वर्गणी आणि पाटीवरचं नाव ह्यावरनं गावोगाव भांडणं होतात ती आपण बघतोच, त्यामुळं हा माणूस मला लांबचा वाटत नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): पाडलेला पुतळा परत उभा केल्याचं तिकडं उदाहरण आहे का?

उत्तर: आहे, आणि ह्याच बोलेस्वाफचं. ग्नेज्नोच्या कॅथेड्रलसमोर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मार्चिन रोझेक ह्या शिल्पकारानं त्याचा पुतळा केला होता. 1939 मध्ये जर्मन सैन्य आलं आणि तो फोडला गेला. रोझेक 1944 मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मरण पावला. पुतळा त्याच कॅथेड्रलसमोर 1985 मध्ये परत उभा राहिला.

खानापूरच्या काकांनी मुलाला सुट्टीत ग्नेज्नोला जायला नक्की सांगा. पुतळ्यासमोर फोटो झाला की आत पण जाऊ दे, तिथं बाराव्या शतकातला ब्राँझचा दरवाजा आहे, त्यावर सेंट वोइचेखच्या आयुष्यातले 18 प्रसंग कोरलेत. ह्या संताला 997 मध्ये प्रशियन लोकांनी (जर्मन नव्हे, त्या भागातली जुनी बिगर-ख्रिस्ती जमात) मारलं आणि बोलेस्वाफनं त्याचं शव सोडवून आणलं, तो प्रसंगसुद्धा त्या दारावर आहे.