अभियंता असलेल्या वडिलांवर स्मरणपुस्तिका काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

वडील पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, उमेदीची वर्षं कोयनेवर गेली, वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे, पण त्यांच्या कामाचं घरात कुणालाच धड माहीत नाही, असं तुम्ही विचारलंय. अशा पुस्तिकांचं संपादन मी करतो. इतक्यात लिहायला बसू नका, आधी तक्ता करा.

वहीत तीन रकाने आखा: साल, नोकरी, घर. नोकरीसाठी सेवापुस्तकाची दुय्यम प्रत शोधा. नेमणूक, बदल्या, बढत्या, रजा सगळं तारीखवार सापडतं. ती नसेल तर बदलीचे आदेश आणि आईकडचे पेन्शनचे कागद बघा. घराच्या रकान्यासाठी तुम्हा भावंडांचे शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, घराच्या कर्जाची फाइल. हे दोन रकाने शेजारी आले की माणूस दिसायला लागतो. बदली कोयनेच्या वीजगृहाच्या गावी, पोफळीला, आणि त्याच वर्षी थोरली दहावीला, म्हणून बिऱ्हाड साताऱ्यात ठेवून ते एकटे राहिले असतील, तर तेवढं एक वाक्य 'कर्तव्यदक्ष आणि कुटुंबवत्सल' या जोडगोळीपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. सेवापुस्तकात जन्मतारीख 1 जून असेल तर आईला किंवा आत्याला तिथी विचारा. त्या पिढीत ही तारीख पुष्कळदा गुरुजींनीच लावलेली असते.

'बाबांनी कोयना धरण बांधलं' असं लिहू नका. त्यांचे सहकारी वाचतील आणि हसतील. धरण 103 मीटर उंच, शिवाय बोगदे, पोफळीचं भूमिगत वीजगृह, रस्ते, वसाहत. ते नेमके कुठल्या उपविभागात होते? पायाच्या खोदाईवर, काँक्रीटवर, की गुणनियंत्रणाच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे नमुना ठोकळे फोडून त्यांची 7 आणि 28 दिवसांनंतरची ताकद नोंदवत? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते तिथे होते का, हे तक्त्यावरून लगेच कळेल. धरणाच्या उंच, न सांडणाऱ्या (ज्यावरून पाणी सोडत नाहीत अशा) भागाला आडव्या भेगा गेल्या होत्या, आणि पुढे त्या भागाला मागून आधार देऊन तो मजबूत केला गेला. त्या कामावर ते असतील तर पुस्तिकेची दोन पानं त्यालाच द्या. 13 मार्च 1999 ला तलावाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडला, ते लेक टॅपिंग बहुधा त्यांच्या निवृत्तीनंतरचं. ते उगाच त्यांच्या नावावर घालू नका.

माणसं गाठायला निरोप समारंभाचा ग्रुप फोटो सगळ्यात उपयोगी. त्याच्या झेरॉक्सवर प्रत्येक चेहऱ्याला आकडा टाका आणि तीच प्रत सगळ्यांना पाठवा, म्हणजे 'डावीकडून तिसरा' यावर वाद होत नाहीत. फोन सकाळी करा, विचारून रेकॉर्ड करा. 'बाबा कसे होते?' असं विचारलंत तर 'फार सज्जन' एवढंच हाती लागेल. त्याऐवजी विचारा: मोजमाप पुस्तकात (झालेलं काम मोजून लिहायची सरकारी वही) नोंद करताना टेप स्वतः धरायचे का? कॉन्ट्रॅक्टरचं कुठलं बिल अडवलं होतं? जीपमध्ये पुढे बसायचे की मागे? आईला विचारा, पगार कुणाच्या हातात यायचा, क्वार्टरमध्ये पाणी किती वाजता यायचं, भूकंपानंतर रात्री कुठे झोपत होतात. खात्यातल्या चौकश्या, हेवेदावे निघतीलच. ऐकून घ्या, पण हयात माणसांची नावं छापू नका.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, कोपरे फाटतात. दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा फिरवा. तरी निघाला नाही तर पानासकट स्कॅन करा. छोटे फोटो 600 डीपीआयला. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखे पाठवलेत तर बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. 16 पानं पुरतात. मजकूर युनिकोडमध्ये दिलात आणि छापखान्यात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला, तर जोडाक्षरं तुटतात. 'बिऱ्हाड', 'सह्याद्री', 'उपअभियंत्यांच्या' असे शब्द अंतिम पीडीएफमध्ये एकेक करून तपासा, आणि एक प्रत कागदावर काढून आईकडून नात्यांची नावं वाचून घ्या.