आजींचा जिना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे आलेल्या ८२ वर्षांच्या पेशंट आजोबांच्या हृदयाची झडप बदलावी का, असं तू परवा फोनवर विचारलंस. नुसत्या वयावर ठरवू नकोस, एवढंच मी म्हणालो. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून हे पत्र.

सदाशिव पेठेतल्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, वय ७८. हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी एऑर्टिक झडप कॅल्शियम साठून दगडासारखी झालेली. वाड्याचा लाकडी जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागे. घरचे दोन वर्षं "वयोमानाने होतंय" म्हणत राहिले. ऑपरेशन झालं, झडप सुरेख बसली, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून मी खूश. तीन महिन्यांनी नातू म्हणाला, आजी घरी आल्यापासून जिना उतरल्याच नाहीत. डिस्चार्जच्या वेळी "जिना टाळा" असं मीच सांगितलं होतं. किती दिवस, ते सांगायचं राहिलं. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने पुरतात, पण त्यांनी ते जन्मभराचं पथ्य मानलं. बसून बसून मांड्यांतली ताकद गेली. तपासणीलासुद्धा त्यांना खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून खाली आणलं होतं. माझ्या वहीत ते ऑपरेशन 'यशस्वी' असंच नोंदलेलं आहे. मला ते आजही सलतं.

तेव्हापासून मी ऑपरेशनच्या आधी एक प्रश्न विचारू लागलो: बरं वाटल्यावर काय करायचंय? कुणी म्हणतं सारसबागेत सकाळची फेरी, कुणी मंडईत स्वतः भाजी निवडायची. एका काकांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या होत्या. एक बाई हळूच म्हणाल्या, माझी अंघोळ मला करता आली की पुरे. हे त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिही. मुलगा शेजारी असला की म्हातारी माणसं त्याला पटेल तेच बोलतात, हे लक्षात ठेव.

त्या एका ओळीने पुढचे निर्णय बदलतात. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ झालंय ते बघणाऱ्या आयएनआर तपासणीसाठी लॅबच्या खेपा. एकट्या राहणाऱ्या, तोल जाणाऱ्या आजींना ते झेपणार नाही. त्यांच्या वयाला प्राण्याच्या ऊतीची झडप बरी. छाती न उघडता जांघेतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याची टावी पद्धत आलँ क्रिबिए यांनी २००२ साली फ्रान्समध्ये प्रथम केली. माणूस लवकर उठून चालतो. मात्र पेसमेकर लागण्याची शक्यता ऑपरेशनपेक्षा जास्त असते, आणि खर्च लाखांत जातो. पैशांचं बोलणं टाळू नकोस. लोक दागिने मोडतात, तुला सांगत नाहीत.

आता भीतीबद्दल. २०१० च्या 'पार्टनर' अभ्यासात ऑपरेशन झेपणार नाही असे वृद्ध होते. झडप न बदललेल्यांपैकी निम्मे वर्षभरात गेले, टावी केलेल्यांत ३१ टक्के. म्हणजे थांबणं हाही धोकाच. पण ते ३१ टक्केही नीट बघ. नवी झडप मिळूनही ती माणसं गेली, कारण त्यांच्यातल्या अनेकांचं हृदयासोबत बाकी शरीरही थकलेलं होतं. म्हणून आजोबांना कॉरिडॉरमध्ये चालवून बघ. पाच मीटरला सहा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर धोका वाढलेला आहे असं समज. आहार, व्यायाम, दात, रक्ताची कमतरता यांकडे आधी बघ.

आयसीयूत चष्मा आणि कानाचं यंत्र परत द्यायला विसरू नकोस. रात्री म्हातारी माणसं बरळायला लागतात. त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, तेव्हा हा गोंधळ आणखी वाढतो.

तीन महिन्यांनी तू स्वतः फोन कर आणि केसपेपरवरची ती ओळ वाचून विचार, जमलं का?

गुरुवारी आजोबांना भेटशील तेव्हा त्यांच्या मुलाला जरा चहाला पाठव. ते काय म्हणाले, मला रात्री कळव.

तुझा,
सर