तारीख मागं जाते, बोर्ड गेला म्हणतात

प्रश्न : भाऊ, दारव्ह्याजवळच्या गावात माह्यं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाये. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला का तारीख २०१० ची दाखवते अन् एकही साइट धड उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. रिपेरिंगवाला म्हणे मदरबोर्ड गेला, नवाच घ्या. पीक विम्याची गर्दी तोंडावर आली, काय करू?

उत्तर : दादा, नवा घ्यायची घाई करू नका, आधी सेल बदलून पाहा. मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळून जाते. मेन बटन बंद असलं का आतलं घड्याळ त्याच्याच भरवशावर चालते. बटन चालू असलं तर बंद कॉम्प्युटरलाही थोडी वीज मिळत राहते अन् सेल वाचते, पण आपल्याकडे रात्री मेन बंद करूनच शटर पाडतात (विजा कडकडायच्या दिवसात ते बरोबरच आहे, ती सवय सोडू नका), वरून लोडशेडिंग, मग सेल लवकर बसते.

साइट काहून उघडत नाही, तर प्रत्येक सुरक्षित साइटजवळ एक सर्टिफिकेट असते अन् ते कधीपासून कधीपर्यंत चालेल ती तारीख त्याच्यात असते. तुमचा कॉम्प्युटर २०१० मध्ये बसलेला, त्याच्या हिशोबानं ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाही, म्हणून बँक, विमा, सातबारा सगळंच अडते. आज गिऱ्हाईक समोर बसलं असेल तर कोपऱ्यातली तारीख हातानं बरोबर करा, वर्षसुद्धा पाहा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, काम निघून जाईल. पण ब्राउझरच्या इशाऱ्यातलं ते 'तरीही पुढे जा' मात्र दाबू नका, लोकांचे आधार अन् खाते नंबर तुमच्या हातात असतात.

सेल बदलायच्या आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंगचं पान) जाऊन साटा मोड, म्हणजे हार्डडिस्क जोडायची पद्धत, काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, अन् जुन्या बोर्डात ती पद्धत एएचसीआयची आयडीई झाली का विंडोज सुरूच होत नाही, मग घाबरून फॉर्मॅट मारतात अन् उगाच डेटा जाते, हे पाहून मला फार वाईट वाटते. प्लग पूर्ण काढा, अधिकची (+) बाजू वर ठेवून नवा सेल बसवा, बायोसमध्ये तारीख टाका. नव्या सेलवरही तारीख मागं गेली, तर मग बोर्डावर शंका घ्या.

प्रश्न : आर्वी तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, उन्हाळ्यात जास्तच. लेकरं भितात.

उत्तर : ताई, वायरमन येऊन जाईपर्यंत तो कॉम्प्युटर बंदच ठेवा. आतल्या पॉवर सप्लायमधून थोडा करंट डब्यात उतरतेच, त्यानं तिसऱ्या पिननं जमिनीत जावं अशी सोय असते. अर्थिंग नसली का तो डब्यातच राहते. बऱ्याच जागी तिसऱ्या भोकात मागून वायरच नसते. अन् असली तरी आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, अर्थिंग नावालाच उरते, म्हणून तुम्हाला उन्हाळ्यात जास्त जाणवते. कोळसा-मीठ टाकलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत राहा. वायर जोडलेली आहे का, ते वायरमनकडून तपासा. न्यूट्रललाच (विजेच्या परतीच्या वायरला) अर्थिंग जोडून देतो म्हणणारेही भेटतात, त्यांना साफ नाही म्हणा. न्यूट्रल कुठं तुटला तर डब्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात, अन् तिथं लेकरं बसतात.

प्रश्न : लाइट गेली का यूपीएस लगेच मान टाकते, बॅटरी तर नवी टाकली.

उत्तर : लेझर प्रिंटर त्याच्यावर लावला का? आधी तो काढा. कागदावर शाईची पूड पक्की करायला आतला हीटर एकदम कितीतरी शे वॅट ओढते, अन् ६०० व्हीएच्या (यूपीएसवर लिहिलेलं ताकदीचं माप) यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅटची. प्रिंटर सरळ भिंतीवरच्या बोर्डात लावा, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, स्क्रीन अन् राउटर. अन् यूपीएस टिनाखाली तापत असेल तर खाली सावलीत ठेवा, उन्हानं बॅटरी लवकर मरते.