ऑफरोड बाइकच्या मागच्या लिंकेजचे बेअरिंग किती किलोमीटरला बदलायचे? घरी जमतं का?

तुम्ही ऐरोलीत राहता, 200 सीसीची ट्रेल बाइक आहे, खड्ड्यात मागून टक्-टक् आवाज येतो आणि गॅरेजवाला अख्खा मोनोशॉक (मागचा एकुलता शॉकअप) बदला म्हणतोय. आधी त्याला थांबवा. शॉकअपमधून तेल गळत नसेल आणि सीट दाबून सोडल्यावर मागचा भाग झुलत राहत नसेल, तर शॉकअप बदलायचं काही कारण नाही. आधी लिंकेज बघा, म्हणजे मागच्या चाकाचा चिमटा (स्विंगआर्म) आणि शॉकअप यांना जोडणारे छोटे सांधे.

इंजिनखाली भक्कम टेकू देऊन मागचं चाक अधांतरी करा. पॅडॉक स्टँड चालणार नाही, तो चिमट्यालाच आधार देतो आणि सगळा खेळ (सांध्यातला ढिलेपणा) लपवतो. आता चाक दोन्ही हातांनी वर उचला. शॉकअप दबायच्या आधीच चाक जरासं मोकळं हललं, तर बहुधा लिंकेजचे निडल बेअरिंग (आत सुयांसारखे बारीक रोलर असलेले) गेलेत. चाक आडवं हलत असेल तर चिमट्याचा पिव्हट किंवा चाकाचं बेअरिंग बघा.

हे मला बाबांनी दाखवलं. त्यांची सगळी नोकरी रबाळे एमआयडीसीत फिटर म्हणून गेली. माझी बाइक असाच आवाज करायला लागली तेव्हा आम्ही दोघं ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. बाबांनी चाक उचलून बघितलं आणि म्हणाले, ‘शॉक ठीक आहे, सांध्यात खेळ आहे.’ त्यावर गॅरेजमधला पोरगा म्हणाला, ‘काका, हे तुमच्या कारखान्यातलं मशीन नाही. हे बेअरिंग सील्ड असतात, कुणी उघडत नाही.’ चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. बाबा काहीच बोलले नाहीत, मला म्हणाले, ‘चल.’ मला ते आजही सहन होत नाही.

रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही लिंकेज उतरवलं. बारवीकडचे ओढे, उरणच्या खाजणातला चिखल, सगळं आत जाऊन बसलं होतं. ग्रीसच्या जागी तांबूस चिकट राड, सुया गंजलेल्या, काही तुटलेल्या, आणि कॉलरवर (सुयांच्या आत बसणारी पोलादी नळी) सुयांच्या आकाराचे खोल चर. बाबांनी तेव्हा समजावलं. चाकाचं बेअरिंग गोल फिरतं, त्यामुळे ग्रीस आत फिरत राहतं. लिंकेजचं बेअरिंग थोड्याच अंशांत पुढे-मागे होतं. त्याच त्या सुया त्याच जागी भार घेतात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही. त्यात पाणी शिरलं की संपलं. सील बाहेरची धूळ अडवतं, वॉशिंग सेंटरचा प्रेशर नाही. म्हणून ‘सील्ड आहे, उघडू नका’ हा सल्ला मी साफ चुकीचा मानतो.

बाबांनी बेअरिंगला हातोडा लावू दिला नाही. या बेअरिंगची बाहेरची वाटी पातळ पत्र्याची असते, ठोकली की गोलाई जाते आणि सुया अडकतात. जुनं बेअरिंग किती आत बसलंय ते व्हर्नियरने मोजून घेतलं, कारण सीललाही जागा लागते. नवे बेअरिंग डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवले, अॅल्युमिनियमचा रॉकर (लिंकेजचा ज्यात बेअरिंग बसतात तो तुकडा) हीटगनने गरम केला. मग लांब आट्यांचा रॉड, दोन्ही बाजूंना जाड वॉशर, योग्य मापाची गोटी (सॉकेट) आणि नट. पान्याने सावकाश आवळत बेअरिंग आत ओढलं. अक्षरं कोरलेली बाजू बाहेर, जोर तिच्यावरच. जुना शॉकअप तसाच लावला. आवाज गेला, आणि तोच शॉकअप अजून चालतोय.

किलोमीटरचा आकडा मी देणार नाही. कोरड्या रस्त्यावरच्या बाइकचे बेअरिंग वर्षानुवर्षं काढतील, खाडीकाठच्या चिखलात नेलेल्या बाइकचे एका पावसाळ्यात मरतील. दर पावसाळा संपला की उघडा, रॉकेलने धुवा, सुकवा, वॉटरप्रूफ ग्रीस भरा. मोकळ्या सुया असतील तर कॉलर काढताना खाली कापड धरा, नाहीतर पार्किंगभर शोधत बसाल. कॉलरवर नख अडकलं तर कॉलरही बदला, नवे बेअरिंग जुन्या चरांवर टिकत नाहीत.

नंबर बेअरिंगवर असतो. उदाहरणार्थ एचके 2020 म्हणजे आतला व्यास 20, रुंदी 20, आणि बाहेरचा व्यास 26 मिलिमीटर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर नंबर सांगून मिळतात. पण तुमचं जुनं बेअरिंग बिनजाळीचं (सुया वेगळ्या ठेवणारा पिंजरा नसलेलं), सुयांनी गच्च भरलेलं असेल तर तसंच मागा. जाळीवाल्यात सुया कमी असतात, ते तेवढा दणका घेत नाही.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं: काही छोट्या बाइकना लिंकेजच नसतं, काहींच्या चिमट्यात निडलऐवजी रबरी बुश असतात. रबरी बुशचा बोल्ट बाइकचा भार चाकांवर असतानाच पूर्ण आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. टक्-टक् शॉकअपच्या वरच्या बुशमधूनही येऊ शकते, तेही हलवून बघा. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका.

घरी जमत नसेल तर सुटं लिंकेज घेऊन महापे-रबाळ्याच्या एखाद्या लेथवाल्याकडे जा, तो प्रेसवर बसवून देईल. गॅरेजमध्येच करून घेणार असाल तर समोर उभे राहा आणि जुने बेअरिंग, कॉलर हातात मागा. आणि तिथे कुणी वयस्कर फिटर काही सांगत असेल तर गॅरेजच्या पोराला आधी ऐकून घ्यायला लावा.